संख्याबळ : भरपूर

कचरा डेपोच्या पायथ्याशी साचलेलं काळं पाणी हे पाणी आहे की कचरा, हा प्रश्न नगरपालिकेच्या बैठकीत एका मंगळवारी साडेअकरा वाजता गांभीर्याने उपस्थित झाला आणि बाराला पाच कमी असताना निकाली निघाला. घनकचरा खात्याचे प्रमुख म्हणाले, "आमच्या खात्याच्या नावातच घन आहे. हे वाहतं. जे वाहतं ते आमचं नाही." सांडपाणी खात्याचे मोठे साहेब त्या वेळी बाहेर फोनवर बोलत होते. ते परत येऊन खुर्चीत टेकेपर्यंत इतिवृत्तात नोंद झालेली होती की सदर पाणी त्यांचं असून त्याला त्यांची हरकत नाही.

आता ते पाणी म्हणजे काय चीज आहे, हे ज्याने पाहिलं नाही तो सुखी. गावभरचा ओला-सुका कचरा एकावर एक पडून कुजतो, वरून पाऊस पडतो आणि त्या सगळ्या डोंगराचा अर्क खाली झिरपत येतो. रंग काळ्या चहाचा. वास असा की आलेला पाहुणा आधी नाक धरतो आणि मग काही न विचारता घरी जातो. वर्षानुवर्षं त्याचं तळं साचत होतं आणि कुणाचं काही अडलं नव्हतं. पण यंदा ते कुंपणाबाहेरच्या रस्त्यावरून दिसू लागलं. गोष्ट नुसती असली तर सरकारी कामात चालून जाते. दिसायला लागली की तिची विल्हेवाट लावावी लागते.

ठरलं ते असं. रोज वीस टँकर काळं पाणी डेपोवरून उचलायचं आणि गावाच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात, टाकी क्रमांक तीनमध्ये ओतायचं. टाकी क्रमांक तीनला कुणी विचारलं नाही. आणि टाकीच्या वतीने ज्यांना विचारायला हवं होतं, त्या केमिस्टबाईंना हे कळलं ते केंद्राच्या फाटकावर पहिला टँकर हॉर्न वाजवायला लागला तेव्हा.

केमिस्टबाई या केंद्रावर तेरा वर्षं होत्या. त्यांची प्रयोगशाळा म्हणजे जुन्या पंपघराच्या मागची एक खोली. एक ओटा, एक सिंक, पाय हलणारं टेबल आणि त्या टेबलावर फडक्याखाली झाकलेला सूक्ष्मदर्शक. बाई रोज सकाळी आल्या की पर्स टांगायच्या आधी टाकीतल्या पाण्याचा एक थेंब काचेवर घेऊन त्याखाली बघायच्या. घरी ताप मोजायचं थर्मामीटर चार वर्षांपासून सापडत नव्हतं, पण टाकीचं तापमान दिवसातून तीनदा वहीत चढत होतं. त्यांचा नवरा जेवताना विचारायचा, "काय गं, तुझी मंडळी जेवली का?" आणि बाई मनापासून उत्तर द्यायच्या, की आज जरा कमीच जेवली.

मंडळी म्हणजे टाकीतले जिवाणू. सांडपाणी शुद्ध करतात ते हेच. बाकी हवा फुंकणारे ब्लोअर, पंप, साहेब हे सगळे त्यांच्या सेवेला. त्यांच्यात दोन घराणी. एक खादाड. घाण दिसली की तुटून पडणार, आणि मेले तरी चार दिवसांत पुन्हा गोतावळा उभा. दुसरं घराणं नाजूक. अमोनिया पचवणं हे त्यांचं काम. त्यांची वाढ मुंगीच्या पावलांची, आणि एकदा गेले की परत यायला दीड महिना. ते गेले तर अमोनिया जसाच्या तसा नदीत जाणार, आणि नदीवर खाली सात किलोमीटरवर याच गावाच्या अर्ध्या नळांचं पाणी उचललं जात होतं. म्हणजे गावाच्या घोटभर पाण्याची इज्जत या डोळ्यांना न दिसणाऱ्या नाजूक घराण्याच्या हातात होती. हे गावात फक्त दोघांना ठाऊक होतं, केमिस्टबाईंना आणि निवृत्तीला आठ महिने उरलेल्या पंपवाल्या काकांना.

बाई तडक मोठ्या साहेबांकडे गेल्या.

"साहेब, हे पाणी टाकीला झेपणार नाही. रोज दोन टँकर घेऊ, तेही थेंबाथेंबाने, दिवसभर पसरून. मंडळींना सवय होईल. मग बघू."

"दोन?" साहेब म्हणाले. "अहो बाई, तिकडे वीस मंजूर झालेत."

"वीस ओतले तर मरतील."

"कोण मरतील?"

"टाकीतले जिवाणू."

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. साहेब वाईट माणूस नव्हते. पाठीचा त्रास होता, मुलीचं लग्न जमत होतं आणि कुणाचा जीव जावा असं त्यांना वाटत नव्हतं. त्यांनी काळजीने विचारलं, "किती आहेत?"

बाईंनी हिशेब करून लेखी आकडा दिला. दोनावर अठरा शून्यं. साहेबांनी तो वाचायचा प्रयत्न केला, मध्येच सोडला आणि शेरा मारला : काम करणाऱ्यांच्या संख्येचा प्रश्न असल्याने प्रकरण आस्थापना विभागाकडे अभिप्रायार्थ सादर.

आस्थापना विभागाच्या तक्त्यात 'संख्याबळ' हा रकाना चार आकड्यांचा होता. तिथल्या अधिकाऱ्यांनी बत्तीस वर्षांच्या सेवेत त्या रकान्याबाहेर कधी पाऊल टाकलं नव्हतं. त्यांनी शून्यं दोनदा मोजली, तिसऱ्यांदा शिपायाकडून मोजून घेतली आणि रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'भरपूर'. खाली अभिप्राय दिला : "केंद्रावर भरपूर संख्याबळ उपलब्ध असताना प्रतिदिन केवळ दोन टँकर इतकेच काम घेणे हा मनुष्यबळाचा अपव्यय आहे. नगरपालिकेचे एकूण कर्मचारी सहाशे चाळीस असून ते संपूर्ण गाव चालवतात. सबब वीस टँकर ही संख्या माफक वाटते."

"अहो, माणसं नाहीत ती!" बाई म्हणाल्या.

"म्हणूनच," आस्थापना अधिकारी शांतपणे म्हणाले. "माणसं असती तर आम्ही विचार केला असता."

टँकर सुरू झाले. पहिल्या दिवशी टाकी नुसती उचकी लागल्यासारखी उसासली. दुसऱ्या दिवशी फेस आला. तिसऱ्या दिवशी फेस कठड्यावरून उतरून पायवाटेवर आला आणि दुपारी तो मोठ्या साहेबांच्या गाडीपर्यंत पोचला. साहेबांनी गाडी हलवायचा आदेश दिला. त्याच संध्याकाळी बाईंनी पंपवाल्या काकांना बाजूला घेतलं.

"काका, एक पिंप मिळेल का हो? निळं, झाकणाचं."

"कशाला?"

"थोडी मंडळी बाजूला काढून ठेवते. विरजणाला."

काकांनी स्वतः पिंप घासलं, शेजारच्या टाकी दोनमधून, जिथे अजून काळं पाणी पोचलं नव्हतं, चांगला तपकिरी जिवंत गाळ भरला आणि दोघांनी मिळून ते प्रयोगशाळेतल्या कपाटामागे लपवलं. हवेसाठी बाईंनी काकांच्या नातवंडांच्या माशांच्या पेटीचा पंप मागून घेतला. रोज एक तांब्या सांडपाणी हा त्यांचा खुराक. तेवढं पिंप जिवंत राहिलं तर टाकी पुन्हा उभी राहू शकत होती. बाईंचा सगळा जीव आता त्या पिंपात होता.

बरं झालं पिंप भरलं ते. आठवडा संपायच्या आत टाकी दोनमध्येही काळं पाणी सोडण्यात आलं, कारण एकाच टाकीवर भार टाकणं हा अन्याय आहे असं कुणाच्या तरी लक्षात आलं होतं.

सहाव्या दिवशी बाईंनी टाकी तीनचा थेंब काचेवर घेतला. आठवड्यापूर्वी तिथे आठवडी बाजार भरलेला असायचा. जिवाणू खाऊन जगणारे, देठावर डोलणारे घंटेसारखे जीव, वळवळणारे, पळणारे, एकमेकांना धडकणारे. आज सगळं गप्प. घंटा मिटलेल्या. बाईंनी दुसरा थेंब घेतला, तिसरा घेतला. मग सूक्ष्मदर्शकावर फडकं टाकलं आणि रडल्या. काका दारात उभे होते. ते उगाच बाहेरच्या व्हॉल्व्हकडे बघत राहिले.

बाईंनी अहवाल दिला : टाकी क्रमांक तीन मृत.

"असं कसं लिहिता?" साहेब दचकले. "मृत म्हणजे पुढे केवढं लचांड! 'कार्यक्षमतेत तात्पुरती घट' लिहा."

"साहेब, मेलेल्या माणसाच्या कार्यक्षमतेत घट झाली असं म्हणतात का?"

"आपल्याकडे म्हणतात," साहेब म्हणाले, आणि ते विनोद करत नव्हते.

अहवाल आस्थापना विभागाकडे गेला. तिथून विचारणा आली, की संबंधित मृत आहेत की गैरहजर? मृत असल्यास प्रत्येकाचा दाखला जोडावा. दाखले नसल्यास गैरहजर समजण्यात येईल. दाखले नव्हते. त्यामुळे भरपूर संख्याबळ एकाच वेळी विनापरवानगी गैरहजर राहिल्याबद्दल टाकीला कारणे दाखवा नोटीस निघाली. शिपायाने ती टाकीच्या कठड्यावर डकवली, फोटो काढला. दुपारच्या वाऱ्याने नोटीस सुटून टाकीत पडली, आणि शिपाई प्रामाणिक असल्यामुळे त्याने पोचपावतीच्या रकान्यात लिहिलं : संबंधितांनी प्रत्यक्ष स्वीकारली.

सात दिवस उत्तर आलं नाही. तेव्हा एकतर्फी चौकशी लागली. चौकशी अधिकारी नाकाला रुमाल लावून टाकीच्या काठावर आले.

"यांना हे काम येत होतं का? प्रशिक्षण वगैरे दिलं होतं?"

"खाणं हेच त्यांचं काम आहे साहेब," बाई म्हणाल्या. "त्याचं प्रशिक्षण लागत नाही. पोटापेक्षा जास्त वाढू नये, एवढंच लागतं."

"कामाचा ताण असल्याची तक्रार त्यांनी लेखी केली होती?"

"फेस आला होता की! तुमच्या साहेबांच्या गाडीपर्यंत आला होता."

"फेस हा विहित नमुना नाही," चौकशी अधिकारी म्हणाले आणि टिपून घेतलं. निष्कर्ष निघाला, सामूहिक कामचुकारपणा. शिक्षा म्हणून एक वेतनवाढ रोखण्यात आली. वेतनच नसल्याने अंमलबजावणीला काही अडचण आली नाही.

इकडे नवीन पंचाईत. मेलेल्या मंडळींचा गाळ टाकीच्या तळाशी गुडघाभर साचला. गाळ म्हणजे कचरा आणि कचरा जातो डेपोवर. मोठ्या साहेबांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. काळं पाणी घेऊन आलेले टँकर परत रिकामेच जात होते. त्यांतूनच गाळ डेपोवर पाठवला तर? एका फेरीत दोन कामं! झालं. सकाळी डेपोचं पाणी केंद्रावर, दुपारी केंद्राचा गाळ डेपोवर. डेपोवर तो गाळ डोंगरावर ओतायचा, तो डोंगरातून झिरपून तळ्यात यायचा आणि तळ्यातून पुन्हा टँकरमध्ये.

दोन आठवड्यांनी टँकर ड्रायव्हरने बाईंना फाटकाशी थांबवलं. जाडजूड माणूस, गळ्यात टॉवेल.

"बाई, एक विचारू? रागावू नका."

"विचारा ना."

"हा माल माझ्या ओळखीचा आहे. गेल्या मंगळवारी मीच इथून नेला. आज मीच परत आणलाय."

"हो दादा. बरोबर आहे तुमचं."

"मग ह्याला उतरवायचं कशाला? टँकरमध्येच फिरवत ठेवतो की!"

ही सूचना बाईंनी हसण्यावारी नेली, पण साहेबांच्या कानावर गेली तेव्हा त्यांनी ती डोळे मिटून दोन मिनिटं ऐकली. शेवटी नाइलाजाने नाकारली, कारण माल उतरवल्याशिवाय फेरीची नोंद होत नव्हती. आणि नोंदी तर अशा झकास दिसत होत्या! घनकचरा खातं म्हणे, आम्ही काळ्या पाण्याची शंभर टक्के विल्हेवाट लावतो. सांडपाणी खातं म्हणे, आम्ही गाळाची शंभर टक्के विल्हेवाट लावतो. दोन्ही खरं होतं. तळं मात्र तेवढंच होतं, उलट बोटभर वाढलं होतं. वरिष्ठ कार्यालयाने आकडे पाहिले आणि चक्राकार व्यवस्थापनाबद्दल नगरपालिकेला ढाल दिली. साहेबांनी भाषणात सांगितलं, की आमच्याकडे काहीही वाया जात नाही. याहून खरं वाक्य त्या सभागृहात कधी बोललं गेलं नसेल.

व्हायचं ते झालंच. नदीत मासे उलटे तरंगायला लागले. मग नळाच्या पाण्याला वास आला. पाणीपुरवठा खात्याने क्लोरीन वाढवलं, तेव्हा दोन वास आले. लोक भडकले. शाळेच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी जनसुनावणी लागली आणि हॉल खचाखच भरला. खुर्च्या संपल्या, मग लोक खिडक्यांत बसले.

सगळ्यांत पुढे निवृत्त मुख्याध्यापक होते. पांढरेशुभ्र कपडे, आवाज अजून घंटेसारखा खणखणीत. ते उठले. "आम्ही काय विष प्यायचं? लहान मुलांना काय पाजायचं? लाज वाटायला हवी तुम्हाला!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मोठ्या साहेबांनी घाम पुसला आणि माईक केमिस्टबाईंच्या हातात दिला. बुडत्याने दुसऱ्याचा खांदा धरावा तसा.

बाईंनी लपवाछपवी केली नाही. दोनावर अठरा शून्यं, वीस टँकर, नोटीस, गोल फिरणारा गाळ, सगळं सांगितलं. लोक हसले, चिडले, पुन्हा हसले. कुणीतरी ओरडलं, "शाब्बास बाई!" साहेब टेबलाखाली चपला शोधत होते.

"आता उपाय सांगते," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे एक पिंप जिवंत मंडळी आहे. तेवढ्यावर टाकी पुन्हा उभी राहते. पण सहा आठवडे टँकर बंद हवेत. टँकर बंद म्हणजे तळं भरणार. तळ्याला आता हातभर जागा उरलीय. ते काळं पाणी कशाचं होतं? आपल्या ओल्या कचऱ्याचं. सालं, उरलेलं अन्न, नासकं दूध, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आपण फेकतो त्याचं. सहा आठवडे फक्त ओला कचरा वेगळ्या डब्यात द्या. हिरवी गाडी रोज येईल, तो खताला जाईल. तेवढं केलंत तर तळं भरणार नाही आणि टाकी जगेल. दुसरं काही मागत नाही मी."

मग मुख्याध्यापक पुन्हा उठले. त्यांचे डोळे भरून आले होते. "एवढंच ना? अहो, सहा आठवडे काय, आम्ही जन्मभर करू! आणा कागद. पहिली सही माझी." आणि खरंच, लोक रांगेत उभे राहिले. एकेका घराची एकेक सही. चारशे बारा सह्या झाल्या. शेवटून दहावी सही बाईंच्या नवऱ्याची होती, आणि सही करताना त्याने बायकोकडे असं कौतुकाने पाहिलं की बाई लाजल्याच. एवढ्या लोकांसमोर साहेबांना नाही म्हणता येईना. सोमवारपासून सहा आठवडे टँकर बंद, असं त्यांनी जाहीर केलं.

सोमवारी सकाळी बाई आणि काकांनी पिंप ढकलत टाकीपर्यंत आणलं. धुऊन काढलेल्या टाकीत ताजं सांडपाणी भरलं होतं, ब्लोअर चालू होते.

"सगळं ओतायचं?" काकांनी विचारलं. "थोडं ठेवू या का मागे? न जाणो."

बाई थबकल्या. मग म्हणाल्या, "एवढ्याशाने नाजूक मंडळी जोर धरणार नाहीत काका. सगळंच लागेल. आणि चारशे बारा सह्या आहेत."

काकांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. दोघांनी पिंप कलतं केलं. तपकिरी धार टाकीत पडली, गोल फिरली आणि मिसळून गेली. गुरुवारी सकाळी काचेवरच्या थेंबात देठावर डोलणारी एक घंटा दिसली. एकच. बाई धावत पंपघरात गेल्या आणि काकांना ओढत घेऊन आल्या.

हिरवी गाडी मात्र रोज जवळजवळ रिकामी येत होती. पहिल्या दिवशी चारशे बारा घरांतून अडीच बादल्या ओला कचरा आला. दुसऱ्या दिवशी दीड. गाडीवाला म्हणाला, लोक पिशवीला घट्ट गाठ मारून दुसऱ्या गाडीत टाकतात, आणि गाठ सोडायची तर आपला हात त्यात घालावा लागतो. डेपोतल्या तळ्यात खुणेचा बांबू रोवला होता. पाणी त्यावर रोज दोन-चार बोटं चढत होतं. नवव्या दिवशी ते काठावर आलं. दहाव्या दिवशी मोठ्या साहेबांनी टँकर पुन्हा सुरू केले. या वेळी त्यांनी फाइलवर कुणाचा अभिप्राय मागवला नाही. बाईंना स्वतः बोलावून घेतलं, दार लावलं आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, माझा इलाज नाही हो. रस्त्यावर आलं असतं ते." साठलेलं काढायचं म्हणून रोज तीस टँकर आले. दोन दिवसांत टाकी तीन गेली. टाकी दोनमध्ये तर आधीच काही नव्हतं. आणि आता कपाटामागेही नव्हतं.

बाईंनी त्या दिवशी रजा टाकली, सह्यांची यादी घेतली आणि घरं मोजत निघाल्या. भांडायला नव्हे. त्यांना नुसतं कळून घ्यायचं होतं. पहिलं घर मुख्याध्यापकांचं. त्यांनी आदराने आत बसवलं, पाणी दिलं. बाटलीतलं.

"सर, तुम्ही ओला कचरा वेगळा देता ना?"

"म्हणजे काय! शिस्त म्हणजे शिस्त. स्वयंपाकघरात दोन डबे आहेत आमच्या. पण बाई, खरं सांगू? एका घराने काय होणार? शेजारी बघा आमचे. सुशिक्षित म्हणवतात!"

शेजारच्या घरात वकीलबाई राहत होत्या. त्यांच्याकडेही दोन डबे होते, दाखवलेसुद्धा. हिरव्या डब्यात छत्र्या ठेवल्या होत्या. "आज जरा घाई होती," त्या म्हणाल्या. "पण एरवी आम्ही करतोच. तुम्ही त्या मास्तरांना विचारा. भाषणं मोठी, आणि पिशवी बघाल तर!" तिसऱ्या घरी आजींनी सुनेकडे बोट दाखवलं आणि सुनेने मोलकरणीकडे. चौथ्या घरी माणूस चिडला, "अहो, सही केली ना मी? अजून काय करायचं?" पुढे कुणी वरच्या मजल्याचं नाव घेतलं, कुणी खालच्या. कुणीच बाईंना उडवून लावलं नाही. प्रत्येकाने हळहळून विचारलं, की मेले का हो ते? सगळे? अरेरे.

बाई तीन दिवस फिरल्या. शेवटून दहावं घर स्वतःचंच होतं. त्यांनी ओट्याखालचं दार उघडलं. एकच काळी पिशवी होती. तिच्यात केळ्याच्या साली, औषधाची पाकिटं, कालचा भात, दाढीचं पातं.

"अगं, मी वेगळाच करतो," नवरा म्हणाला. "आजच तेवढा राहिला." मग म्हणाला, "आणि आपल्या एका पिशवीने तुझी मंडळी मेली असं तर नाही ना? समोरचे बघ की."

बाईंनी ओट्यापाशी जमिनीवर बसून कागदावर हिशेब मांडला. चारशे बारा घरं वेगळा कचरा देतात. चारशे बारा घरांचे शेजारी देत नाहीत. पेन खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं, पण बेरीज काही जुळेना. नवरा शेजारी येऊन बसला. त्याने पिशवीला गाठ मारली, नेहमीसारखी घट्ट, आणि तिला म्हणाला, ऊठ, जेवून घे.

आता हे वाचताना तुम्ही साहेबांना हसलात, आस्थापना विभागाला तर पोट धरून हसलात. मुख्याध्यापकांना हसताना मात्र जरा अडखळलात, आणि मग तुम्हाला आठवलं, की आपल्याकडे बाबा दोन डबे आहेत. असतीलच. बाईंनी चारशे बारा घरांत हेच वाक्य ऐकलं, आणि ते बोलणाऱ्यांपैकी एकाच्याही चेहऱ्यावर तो खोटं बोलतोय असं दिसत नव्हतं.